ग्रीक पुराणकथा मुलांना सांगताना : राक्षस कोण, दोष कुणाचा?

रानजाई

नमस्कार. आमच्या वाचनालयात दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी दर शनिवारी कथावाचन असतं. यंदा मुलांनीच ग्रीक कथांचा हट्ट धरला. झ्यूस, पोसायडन, मेड्युसा ही नावं त्यांना व्हिडिओ गेम आणि इंग्रजी पुस्तकमालिकांमधून आधीच पाठ आहेत. कुणाकडे कोणतं शस्त्र तेही सांगतात. कथा मात्र तुकड्यातुकड्यांत माहीत. म्हणून मराठीतून, आपल्या शब्दांत, सलग सांगायचं ठरवलं आणि त्यासाठी जुनं साहित्य अनुवादातून वाचायला घेतलं : हेसिअड, होमरची दोन महाकाव्यं, होमरच्या नावावर असलेली स्तोत्रं, अपोलोडोरसच्या नावाने चालत आलेला कथासंग्रह आणि रोमन कवी ऑविडचं ‘मेटामॉर्फसिस’.

मुलांसाठी सांगताना गाळावं लागतं, याबद्दल माझी तक्रार नाही. दहा वर्षांच्या मुलासमोर सगळं मांडायचं नसतंच. पण गाळता गाळता पुष्कळ वेळा एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी जातो, आणि ते मला खटकतं.

मेड्युसाचंच घ्या, जिच्याकडे पाहिलं की माणूस दगड होतो ती. हेसिअडकडे, म्हणजे इ.स.पूर्व ७०० च्या सुमारास, ती तीन गॉर्गन बहिणींपैकी एक. दोघी अमर, ही एकटी मर्त्य. तिथे देऊळ नाही, शापही नाही. पोसायडन आणि ती वसंतातल्या फुलांच्या कुरणात एकत्र येतात, एवढंच. देवळाची गोष्ट येते ऑविडकडे, सुमारे सातशे वर्षांनी. समुद्रदेव पोसायडन मिनर्व्हाच्या, म्हणजे अथीनाच्या, देवळात मेड्युसावर बळजबरी करतो. देवी ढालीआड तोंड लपवते आणि शिक्षा करते ती मेड्युसाला. तिच्या केसांचे साप होतात.

आता मुलांची पुस्तकं उघडा. ‘मेड्युसाला आपल्या रूपाचा फार गर्व होता, म्हणून देवीने तिला शाप दिला.’ बळजबरी गाळली, ठीक आहे. पण शिक्षा तशीच ठेवल्यावर तिला कारण लागतं, आणि ते कारण त्या मुलीतच शोधलं जातं. समोर बसलेल्या बारा वर्षांच्या मुलींनी यातून काय घ्यायचं?

बदल करूच नये असं मी म्हणत नाही. हात लावेल ते सोनं होणाऱ्या मायडस राजाची लाडकी लेक मिठी मारताच सोन्याची होते, हा प्रसंग आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ऑविडकडे ही मुलगीच नाही. तिथे राजाच्या हातात भाकरी सोन्याची होते, घशात वाइन सोन्याची होते आणि तो भुकेने कासावीस होतो. मुलगी आणली अमेरिकन लेखक नथॅनिएल हॉथॉर्नने, १८५१ साली, मुलांसाठी लिहिताना. हा बदल मला आवडतो. दोष ज्याचा त्याच्याकडेच राहतो, फक्त किंमत जास्त टोचते.

तपशील गाळा, पण दोष हलवू नका, एवढीच माझी कसोटी. ती कुठवर टिकते ते तुम्ही सांगा. तुम्ही मुलांना या कथा कशा सांगता? मेड्युसाचं काय करावं? आणि क्रोनसने बापाला विळ्याने कापलं, ते दहा वर्षांच्या मुलाला कसं सांगावं?

हिरवाचाफा

उत्तम विषय. वाचतोय.

कडूलिंब

मी थोडा विरोधात बोलतो. लहानपणी आजी पूतनेची गोष्ट सांगायची, बकासुराची सांगायची. पूतनेची बाजू काय होती असं आम्ही विचारलं नाही आणि आमचं काही बिघडलं नाही. मुलाला राक्षस राक्षस म्हणूनच हवा असतो. अंथरुणात पाय पोटाशी घेऊन ऐकायची गोष्ट असते ती.

हल्ली नव्या पुनर्कथनांत प्रत्येक राक्षसाला दुःखी बालपण दिलेलं असतं. मग मेड्युसाला मारणाऱ्या पर्सियसने काय करायचं? तोही पोरच आहे. आईला राजा पॉलिडेक्टीसपासून वाचवायचं म्हणून निघालेला. त्याला बापाचा आधार नाही. आईने त्याला तान्हं असताना पेटाऱ्यात छातीशी धरून समुद्र पार केला आहे, आणि सेरिफॉस बेटावरच्या कोळ्याने दोघांना सांभाळलं आहे. त्या मुलाचं धाडस मला मुलांपुढे पूर्ण उभं करायचं आहे. तीन म्हाताऱ्या एकच डोळा आळीपाळीने वापरतात आणि तो डोळा हातातून हातात जाताना पर्सियस मधल्यामध्ये पळवतो, त्या प्रसंगाला मुलं श्वास रोखतात. तिथे न्यायनिवाडा सुरू केला की गोष्ट मेली.

ओवीकार

रानजाई, एक भर घालतो. रूपाच्या गर्वाचं कारण मुलांच्या पुस्तकांनी शोधलेलं नाही. अपोलोडोरसच्या संग्रहातच आहे : काही जण सांगतात की मेड्युसा सौंदर्यात अथीनाशी बरोबरी करू पाहत होती, म्हणून तिचं शीर गेलं. म्हणजे हा धागाही जुनाच आहे. ग्रीक कथांना एकच प्रमाण पोथी नाही. गावागणिक, कवीगणिक कथा वेगळी. नाटककार तर जाणून बदल करत. युरिपिडीझच्या नाटकात हेराक्लीस आपली पराक्रमाची कामं संपवून घरी येतो आणि मग वेडाच्या भरात स्वतःच्या मुलांना मारतो. अपोलोडोरसकडे ते आधी घडतं आणि ती कामं त्याचं प्रायश्चित्त म्हणून येतात. एकाच माणसाच्या दोन कथा, आणि त्यांचे अर्थ उलटे.

तेव्हा मूळ काय आणि भेसळ काय, या वादात फार हाती लागणार नाही. सांगणाऱ्याने निवड करायची असते, ती आपली आहे हे मनाशी ठेवायचं. तुमची कसोटी मला पटते ती याच कारणाने. अनेक जुन्या वाटा उपलब्ध असताना मुलांसाठी नेमकी कोणती घेतो, त्याचं उत्तरदायित्व आपलं.

आणि कडूलिंब, राक्षसाला दुःख देणं हे आजचं खूळ नाही. पिंडारचं एक विजयगीत आहे, इ.स.पूर्व ४९० मधल्या एका वादकासाठी लिहिलेलं. त्यात तो म्हणतो की मेड्युसा मेली तेव्हा तिच्या बहिणींनी जो टाहो फोडला, तो ऐकून अथीनाने ऑलोस या फुंकवाद्याची एक धून रचली. अडीच हजार वर्षांपूर्वीचा कवी, विजयगीत लिहितो आहे, आणि त्यातसुद्धा त्याला मारलेल्या बाईच्या बहिणी रडताना ऐकू येतात. पर्सियसचं शौर्य त्याने तसूभर कमी केलेलं नाही. दोन्ही एका गीतात राहतात.

कडूलिंब

@ओवीकार, ही धुनेची गोष्ट मला माहीत नव्हती. ही मी नक्की सांगेन. तरीही माझा मुद्दा राहतो : आधी भीती, मग बहिणी. क्रम उलटा करू नका.

उभाधागा

मी येवल्याची. घरात माग आहे, पैठणी विणली जाते. त्यामुळे मेड्युसापेक्षा मला अरॅक्नीबद्दल बोलायचं आहे. रानजाईताई म्हणतात ते दोष हलवणं तिच्या बाबतीत सर्वांत जास्त झालंय.

शाळेतल्या इंग्रजी वाचनात ती अशी भेटली होती : एक गर्विष्ठ विणकरीण होती, ती देवीपेक्षा मी श्रेष्ठ म्हणाली, स्पर्धेत हरली, कोळी झाली. खाली प्रश्न : या गोष्टीवरून तुम्ही काय शिकलात?

ऑविडकडे वाचलं तर ती हरतच नाही. अरॅक्नी लिडियातली, साध्या घरातली. बाप लोकर जांभळी रंगवणारा, आई गेलेली. कुळाने नाही, हाताने नाव कमावलेली मुलगी. तिचं काम बघायला डोंगरातल्या आणि नदीतल्या अप्सरा आपापल्या जागा सोडून येतात. नुसतं तयार कापड पाहायला नाही, ती लोकर कशी पिंजते, सूत कसं ओढते, हे पाहायला. विणकराच्या घरातल्या कुणालाही ही ओळ थेट कळेल. येणारे पाहुणे पदरावरचा मोर बघतात, जाणकार हात बघतो.

मग देवी म्हातारीच्या वेशात येते, क्षमा माग म्हणते, मुलगी ऐकत नाही. दोघी माग लावतात. देवी विणते ते सगळं शिस्तीत : मधोमध अथेन्ससाठीचा तिचा आणि समुद्रदेवाचा वाद, बारा देव सिंहासनावर, चार कोपऱ्यांत देवांशी बरोबरी करून शिक्षा भोगलेली माणसं. म्हणजे चार कोपऱ्यांत चार धमक्या. काठाला ऑलिव्हच्या फांद्या. अरॅक्नी काय विणते? देवांनी रूपं बदलून बायकांना फसवल्याचे प्रसंग. बैल झालेला देवांचा राजा झ्यूस आणि पाठीवरून मागे किनाऱ्याकडे पाहणारी युरोपा, हंस झालेला झ्यूस, सोन्याचा पाऊस झालेला झ्यूस. एकामागून एक. काठाला फुलं आणि वेली.

ऑविड स्वच्छ सांगतो की त्या कामात देवीला खोट काढता आली नाही, खुद्द मत्सरालाही आली नसती. म्हणून देवी ते कापड फाडते आणि हातातला धोटा मुलीच्या कपाळावर मारते, तीन-चार वेळा. धोट्याने मारणं म्हणजे काय हे आमच्याकडच्या मुलांना समजवावं लागत नाही, त्यांनी तो हातात धरलेला असतो.

मुलगी जीव द्यायला जाते, देवी तिला कोळी करून जगवते. गळफासाचा तपशील मी लहानांना देत नाही. ‘तिला तो अपमान सहन होईना आणि तिला जगावंसंच वाटेना’ एवढं म्हणते. पण कापड निर्दोष होतं, हे मी कधीच गाळत नाही. ती उद्धट होती, हेही गाळत नाही. ती बोलली वावगं. पण तिने विणलं ते खरं होतं, आणि तिला मार मिळाला तो त्याबद्दल.

गल्लीतल्या मुलांना ही गोष्ट सांगितली की लगेच दोन तट पडतात. काही देवीच्या बाजूने, मोठ्यांना उलट बोलू नये म्हणणारे. काही अरॅक्नीच्या. एका मुलीने विचारलं, देवीला खरं वाईट कशाचं वाटलं, काम चांगलं होतं याचं की चित्रं खरी होती याचं? मला याचं उत्तर देता येत नाही आणि मी द्यायचा प्रयत्नही करत नाही.

रानजाई

उभाधागा, तुमचा प्रतिसाद मी छापून जवळ ठेवणार आहे. देवीच्या विणकामातले चार कोपरे मी नुसते वाचून पुढे गेले होते. चार धमक्या म्हटल्यावर ते वस्त्र दिसायला लागलं.

मेड्युसासाठी सध्या असं मांडते आहे : ‘समुद्राच्या देवाने तिच्याशी फार वाईट वागून तिला दुखवलं, तेही देवळात, जिथे ती सुरक्षित असायला हवी होती. शिक्षा मात्र त्याला झाली नाही. तो देव होता. शिक्षा तिला झाली.’ दहा वर्षांच्या मुलाला यातलं अन्यायाचं सूत्र पूर्ण कळतं. चौदा वर्षांच्या मुलीला त्यापुढचंही कळतं. त्या दोघांनाही चुकीचं काही सांगितलेलं नसतं. मग पर्सियस, म्हाताऱ्या, आरशासारखी ढाल, कडूलिंब म्हणतात तशी पूर्ण भीती. आणि शेवटी पिंडारची धून.

कडूलिंब

हे चालेल. आपल्याकडे अहल्येच्या गोष्टीत हेच आहे की. कपट इंद्राचं आणि शिळा झाली ती. तिथे निदान इंद्रालाही शाप मिळाला. पोसायडनला काहीच नाही.

निळीशाई

मी बारावीत आहे, इथे पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या वयाचे बहुतेक जण या कथांकडे फोनवरच्या चित्रकथांमधून आले. त्यात हेडीझ आणि पर्सेफनी म्हणजे प्रेमकथा असते. तो एकटा, गंभीर, पाताळाचा राजा. ती फुलांतली मुलगी, आईच्या धाकातून सुटू पाहणारी. मला ती खूप आवडायची, अजूनही आवडते. तिच्यामुळेच मी डिमीटरचं होमरी स्तोत्र शोधून वाचलं.

स्तोत्रात सगळं वेगळं आहे. ती मैत्रिणींबरोबर फुलं तोडतेय. एक नार्सिसस उगवलेला आहे, एका मुळातून शंभर फुलं आलेला, आणि तो मुद्दाम उगवलेला आहे, तिला भुलवायला, झ्यूसच्या मर्जीने. झ्यूस म्हणजे तिचा बाप. ती फुलाला हात लावते, जमीन दुभंगते, हेडीझ रथातून येऊन तिला उचलतो, ती बापाच्या नावाने ओरडते. हेकटी नावाची देवी गुहेतून तो आवाज ऐकते. सूर्य बघतो. बाकी कुणी पुढे येत नाही.

मग आई, म्हणजे धान्याची देवी डिमीटर. नऊ दिवस हातात मशाली घेऊन, न खाता, न पिता, अंघोळ न करता फिरते. शेवटी म्हातारीच्या रूपात इल्युसिसला विहिरीजवळ बसते, तर चार मुली पाणी भरायला येतात आणि तिला आपल्या घरी नेतात. मला सगळ्यात जास्त हलवलं ते पुढे, मुलगी परत येते तेव्हा. आई तिला मिठी मारते आणि मिठीतच तिला शंका येते. विचारते : बाळा, खाली असताना काही खाल्लं नाहीस ना? खाल्लं असेल तर वर्षाचा तिसरा भाग तिकडे जावं लागणार. आणि तिने डाळिंबाचा दाणा खाल्लेला असतो.

चित्रकथांमधली आई जाचक दाखवतात, लेकीला बांधून ठेवणारी. स्तोत्र वाचल्यावर मला ते पटेनासं झालं. तिने जगाचं धान्य बंद पाडलं, देवांचे नैवेद्य थांबले, तेव्हा कुठे झ्यूस हलला. प्रेमकथा करायला माझी ना नाही. पण मग पळवून नेलं ते विसरायचं आणि खलनायक कुणीतरी हवा म्हणून आईला करायचं, हेच तर रानजाईताईंनी वर लिहिलंय.

ओवीकार

निळीशाई, स्वागत आणि अभिनंदन. असं वाचणारी मुलगी या धाग्यावर आली याचा मनापासून आनंद झाला. एवढंच जोडतो की ऑविडकडे दाणे सात होतात. सांगताना मी एकच ठेवतो. एका दाण्याने आयुष्य बदलतं, हे मुलांना जास्त लागतं.

पाटीपेन्सिल

शिक्षिका आहे, पाचवी ते सातवी. वर क्रोनसचा प्रश्न कुणी घेतला नाही म्हणून लिहिते.

विळ्याचं मी ‘आकाशाला कायमचं जखमी करून पृथ्वीपासून दूर लोटलं’ एवढंच सांगते. युरेनस म्हणजे आकाश, गाया म्हणजे पृथ्वी. आकाश पृथ्वीवर इतकं दाबून बसलेलं की तिच्या पोटातल्या मुलांना बाहेर यायला वाव नाही, म्हणून ती विळा घडवते. मुलांना ही कल्पना सहज दिसते. तपशील विचारायला कुणी थांबत नाही, त्यांना पुढे काय झालं ते हवं असतं.

आणि पुढचं तर घरचंच वाटतं. आपलंच मूल आपल्याला उलथवणार हे कळल्यावर क्रोनस एकेक मूल गिळतो. वर्गात कुणीतरी ‘कंस!’ म्हणतंच. मग मी फरक विचारते. कंस मामा होता, हा बाप आहे. देवकी कैदेत होती, क्रोनसची बायको रिया मोकळी आहे आणि ती डाव रचते. कापडात गुंडाळलेला धोंडा क्रोनसच्या हातात देते, बाळाला, म्हणजे झ्यूसला, क्रीटमधल्या गुहेत लपवते. बाळाचं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून क्युरेटीस नावाचे तरुण ढालींवर शस्त्रं आपटत नाचतात. हा नाच वर्गात करायचाच : अर्धी मुलं बाळ होऊन रडतात, अर्धी डब्यांवर पट्ट्या वाजवतात.

शेवटी तो धोंडा क्रोनसच्या पोटातून बाहेर पडतो. इ.स. दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियस लिहितो की डेल्फीला तो धोंडा म्हणून दाखवला जाणारा दगड त्याने पाहिला आणि त्यावर रोज तेल ओतलं जायचं. आमच्या वर्गात हे ऐकल्यावर मुलं गप्प झाली आणि मग एकाच वेळी बोलायला लागली, कारण प्रत्येकाच्या गावात असा एक दगड आहे.

मिनोटॉरबद्दलही सांगते. मी त्याला आधी नाव देते : अस्टेरिअस. अपोलोडोरसकडे ते आहे. राजा मायनॉसने पोसायडनला बळी द्यायचा बैल सुंदर म्हणून स्वतःकडे ठेवला, देव रागावला आणि त्या रागातून राणीला बैलाच्या डोक्याचं मूल झालं. इतकं पुरतं. पॅरिसमधल्या फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात इ.स.पूर्व चौथ्या शतकातलं एक इट्रुस्कन पात्र आहे. त्यावर राणी पॅसिफाई छोट्या मिनोटॉरला मांडीवर घेऊन बसली आहे. त्याचा फोटो दाखवते. मग चक्रव्यूह, त्याच्यापुढे टाकलेले सात मुलगे, सात मुली, त्याला मारणारा थीसियस, परतीची वाट दाखवणारा राजकन्या अरिॲड्नीचा दोरा. चक्रव्यूहातला अंधार आणि त्याचा श्वास ऐकू येतो तेव्हा मुलं घाबरतातच, मांडीवरचं बाळ पाहिलेलं असलं तरी. कडूलिंबांनी यावर काळजी करू नये.

थीसियस नंतर अरिॲड्नीला नॅक्सॉस बेटावर झोपेत सोडून जातो, हेही सांगायचं. नायकाच्या गोष्टीत हे कशाला, असं एका पालकांनी विचारलं होतं. मी म्हटलं, तिच्या दोऱ्याशिवाय तो बाहेरच आला नसता.

दुर्बीण

आकाशनिरीक्षणवाल्यांकडून थोडं. पर्सियसची सबंध गोष्ट डिसेंबरच्या संध्याकाळी डोक्यावर असते. मराठी तारानकाशांत त्या जागी ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आणि वृषपर्वा आहेत. पर्सियसच्या जागी ययाती, अँड्रोमेडाच्या जागी देवयानी, तिची आई कॅसिओपियाच्या जागी शर्मिष्ठा, बाप सीफियसच्या जागी वृषपर्वा. नाती जुळत नाहीत, पण ययातीने देवयानीला विहिरीतून वर काढलं आणि पर्सियसने अँड्रोमेडाला खडकावरून सोडवलं. दोन्ही गोष्टी एकाच रात्री सांगता येतात. तुमच्या कसोटीलाही इथे काम आहे : माझी मुलगी जलकन्यांपेक्षा सुंदर, असं म्हणाली कॅसिओपिया, आणि साखळदंड पडले मुलीला.

मेड्युसाचं कापलेलं डोकं पर्सियसच्या हातात आहे, तिथला तारा मायावती, इंग्रजीत अल्गॉल. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो मंद होतो, काही तासांत पुन्हा उजळतो. एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांपैकी मंद तारा तेजस्वी ताऱ्यासमोर येतो म्हणून. साध्या डोळ्यांनी कळतं. मोठ्या मुलांना मंद होण्याच्या वेळा काढून द्या, गच्चीवरून स्वतः पडताळतील.

पायवाट

कुणी कोल्हापूरच्या बाजूला असाल तर मुलांना टाउन हॉल संग्रहालयात न्या. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची लहान कांस्यमूर्ती तिथली आहे. रोमशी व्यापार चालायचा त्या काळात पंचगंगेकाठी आलेली. वर ज्याला सगळ्यांनी धारेवर धरलंय तोच हा समुद्रदेव. नाशिककरांसाठी पांडवलेणी : १७ क्रमांकाचं लेणं धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, दान दिलेलं आहे, तसा लेखच आहे तिथे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवरही यवन दात्यांचे लेख आहेत. या लोकांच्या घरी कोणत्या गोष्टी सांगत असतील, हा प्रश्न मुलांना तिथेच उभं राहून विचारावा.

दक्षिणगोल

मेलबर्नहून. इथे ग्रीक वस्ती मोठी, मुलीच्या वर्गातही ग्रीक घरांतली मुलं आहेत. त्यांच्याकडून कळलं की ग्रीसमध्ये तिसरीला इतिहास सुरू होतो तो पुराणकथांपासून. म्हणजे आठ वर्षांची मुलं हेराक्लीस, थीसियस सगळे शिकतात. धर्माने ही मंडळी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, पण मुलींची नावं अथीना, डिमिट्रा अशी अजून ठेवतात. आपण सांगताना ‘ते खोटे देव’ किंवा नुसते ‘सुपरहिरो’ असं म्हणू नये असं मला वाटतं. कुणाच्या तरी आजी-पणजीच्या गोष्टी आहेत या.

कडूलिंब

पाटीपेन्सिल, श्वासाची गोष्ट मान्य.

काल रात्री नातवाला पॉलिफिमस सांगितला, त्याबद्दल लिहितो, कारण या धाग्यामुळे ‘ओडिसी’चं नववं पर्व पुन्हा नीट वाचलं. एकडोळ्या राक्षस, गुहेच्या तोंडावर शिळा, दोन माणसं रात्री खाल्ली, दोन सकाळी, दोन पुन्हा रात्री. इथे दयामाया नको, होमरही दाखवत नाही. गुहेत अडकलेला नायक ओडिसियस आपलं नाव ‘कुणीनाही’ सांगतो, डोळा फोडतो, राक्षस ‘कुणीनाही मला मारतोय’ म्हणून ओरडतो आणि शेजारचे परत जातात. नातू हसून लोळला.

पण दोन जागा मी आजवर सोडत आलो होतो. पहिली सुरुवातीची. बरोबरचे लोक म्हणतात, चीज आणि कोकरं उचलू आणि निघू. ओडिसियसच थांबतो, यजमान काय भेट देतो ते बघू म्हणून. सहा माणसं गेली त्यात त्याचाही वाटा आहे. दुसरी सकाळची. आंधळा पॉलिफिमस मेंढरांच्या पाठी चाचपत दारात बसलाय. सर्वांत मोठा मेंढा शेवटी येतो, कारण त्याच्या पोटाला ओडिसियस लटकलाय. राक्षस त्याला कुरवाळून विचारतो : तू तर रोज सगळ्यांच्या पुढे असतोस, आज मागे का? मालकाच्या डोळ्यासाठी दुःखी आहेस का?

नातवाचं हसू थांबलं. मग म्हणाला, पण त्याने माणसं खाल्ली ना. मी म्हटलं, खाल्ली. मग तो म्हणाला, पुढे सांगा.

उभाधागा

@कडूलिंब, मेंढ्याचं बोलणं सांगितल्यावर ओडिसियस जहाजावरून स्वतःचं खरं नाव ओरडतो तेही सांगितलंत ना? पोसायडनचा राग तिथून लागतो, पॉलिफिमस त्याचाच मुलगा. इतकं छान लपवलेलं नाव फुशारकीपायी घालवलं.

कडूलिंब

सांगितलं. तिथे नातू माझ्यावरच ओरडला, ‘गप्प बसायचं ना!’

रानजाई

या शनिवारी पॉलिफिमस घेते, मेंढ्यासकट. पुढच्या शनिवारी क्रोनस आणि ढालींचा नाच, डबे मुलांना घरून आणायला सांगते. मग डिमीटर आणि निळीशाई, तुला जमत असेल तर ते स्तोत्र तूच येऊन वाच, मुलं तुझं जास्त ऐकतील. मेड्युसा आणि अरॅक्नी शेवटी, लागोपाठच्या दोन शनिवारी. त्यातली देवी एकच आहे, तेव्हा मुलांना दोन्ही लक्षात ठेवून बोलता येईल.

दुर्बीण, मायावतीच्या डिसेंबरातल्या मंद होण्याच्या वेळा नाशिकसाठी काढून द्याल का? त्यातली संध्याकाळची एखादी असेल तर गच्चीची परवानगी आधीच घेऊन ठेवते.

दुर्बीण

देतो. संध्याकाळी सात ते दहामधल्या तेवढ्या काढून इथेच टाकतो. त्याआधी दोन-तीन रात्री मुलांना तो तारा पूर्ण तेजात ओळखायला लावा, शेजारच्या देवयानीच्या ताऱ्यांशी ताडून. नाहीतर मंद झालेला कळणार नाही.